कवळीखालची गाठ

आश्लेषाच्या हाताला पंचवीस वर्षांत कुणी नावं ठेवली नव्हती. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये तिचा दवाखाना होता आणि तोंडातल्या गाठी काढण्यात तिचा हात धरणारं त्या बाजूला कुणी नाही, असं दातांचे इतर डॉक्टरच सांगायचे. गालाला आतून चावून चावून आलेली कडक गाठ, खालच्या ओठावरचा लाळेचा फुगा, जिभेच्या कडेचा मस. यातल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण माणूस घरून निघतानाच कॅन्सरची भीती पोटात घेऊन निघालेला असतो. आश्लेषा त्याला फार समजावत बसत नसे. भूल द्यायची, ब्लेडने गाठीभोवती होडीच्या आकाराचा छेद घ्यायचा, गाठ उचलायची, तीन टाके घालायचे आणि गाठ बाटलीत घालून तपासणीला पाठवायची. पंधरा मिनिटांत माणूस बाहेर.

दीड वर्षापूर्वी तिने स्वानंदीला हाताखाली घेतलं. स्वानंदी पुण्याची, नुकती तिशी ओलांडलेली. नवऱ्याला हेब्बाळला नोकरी लागली म्हणून दोघं बेंगळुरूला आली होती. तिने लेझरचं शिक्षण घेतलं होतं. दवाखान्यात लेझरचं यंत्र आलं ते तिच्या सांगण्यावरून, पण आणलं आश्लेषानेच. सुरुवातीला तिने स्वतःही चालवून पाहिलं. जमलं नाही, असं नाही. पण ब्लेड हाताला सांगत असतं, इथे मऊ आहे, इथे तंतू कडक आहेत, आता बस. लेझरचं टोक काहीच सांगत नव्हतं. नुसता धूर आणि जळका वास. दोन-तीन रुग्णांनंतर आश्लेषाने ते यंत्र स्वानंदीकडे सोपवलं आणि आपण त्यातून अंग काढून घेतलं.

मग एक दिवस मथुराबाई आल्या. या जुन्या पेशंट, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या गालातल्या दोन गाठी आश्लेषाने मागे काढल्या होत्या. आता तिसरी आली होती. खुर्चीत बसता बसता त्यांनी अगदी सहज विचारलं, त्या उजेडाने काढणाऱ्या डॉक्टरीणबाई आज आहेत का? टाके पडत नाहीत म्हणे, रक्तही येत नाही. आश्लेषा हसली आणि त्यांना शेजारच्या खोलीत पाठवलं. हसू तोंडावर होतं तोवर ठीक होतं. खोलीचं दार लागल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण हातातला आरसा इतका घट्ट धरलाय की बोटं पांढरी पडली आहेत.

त्यानंतर तिला एक खोडच लागली. स्वागताला बसणाऱ्या हर्षिताकडे जाऊन ती वही चाळल्यासारखं करायची आणि आज कुणाकडे किती जण हे बघून घ्यायची. स्वानंदीच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला की तिचं बोलणं मध्येच तुटायचं. स्वानंदीने गाठ काढलेला एखादा पेशंट जखम दाखवायला आला, की ती भिंग लावून काहीतरी खोट शोधायची. खोट सापडायची नाही. मग तिचा आणखीनच जळफळाट व्हायचा. ही मुलगी तिच्याशी कधी वाकडं वागली नव्हती, ‘मॅडम’ शिवाय हाक मारत नव्हती. हेही तिला खुपायचं.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण त्यात अण्णा आले.

अण्णा म्हणजे आश्लेषाचे वडील, बिंदुमाधवराव. राजाजीनगरच्या एका कन्नड शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. आई गेल्यापासून घरात दोघंच, बाप आणि लेक. आश्लेषाचं लग्न राहूनच गेलं होतं आणि त्याचं दोघांनाही आता काही वाटत नव्हतं. घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांपासून आहे ते अण्णांनाही नीट सांगता यायचं नाही. घरात मराठी बोलायचे, पण ती चुलीपाशी राहिलेली मराठी, निम्मी कन्नडच्या वळणाची. बाकी महाराष्ट्र ‘चहा-बिहा’ म्हणतो तिथे हे ‘चहा-गिहा’ म्हणायचे. अण्णांना मात्र मराठीचं फार वेड. टपालाने दिवाळी अंक मागवायचे, वर्षभर पुरवून वाचायचे. एकदा ते कशाला तरी दवाखान्यात आले आणि त्यांनी स्वानंदीला फोनवर आईशी बोलताना ऐकलं. झालं. दुसऱ्या दिवसापासून दुपारची झोप सोडून अण्णा बसने मल्लेश्वरमला यायला लागले. येताना कागदाच्या पुडीत कोडबळे, तिकडची कुरकुरीत कडबोळी. स्वानंदीला मध्ये वेळ मिळाला की दोघांच्या गप्पा रंगायच्या. ती त्यांना आजोबा म्हणायची. ‘औषध-गिषध’ ऐकून ती मनापासून हसायची आणि अण्णांनाही त्या हसण्याचं कौतुक.

रात्री जेवताना अण्णा सांगायचे, स्वानंदी आज असं म्हणाली, स्वानंदी आज तसं म्हणाली. एकदा म्हणाले, काय सुरेख बोलते, ऐकत राहावंसं वाटतं. आश्लेषा ताटातला भात कालवत राहिली. पन्नाशी उलटलेल्या बाईने बापाच्या तोंडून दुसऱ्या मुलीचं कौतुक ऐकून रुसावं, हे तिला स्वतःलाच पटत नव्हतं. पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

मार्चमध्ये एका दुपारी, आश्लेषा शिकवायला जायची त्या हॉस्पिटलमधलं काम लवकर आटोपलं म्हणून ती वेळेआधी दवाखान्यात आली. स्वानंदीच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खुर्चीत अण्णा होते, मान मागे टाकून, तोंड उघडून. स्वानंदी त्यांच्या खालच्या ओठाला बोटाने बाहेर ओढून आत बघत होती. बाजूला स्टीलच्या वाटीत त्यांची कवळी पडली होती.

ती कवळी आश्लेषाने केली होती. कवळ्या बनवणं खरं तर तिचं काम नव्हे, पण नऊ वर्षांपूर्वी अण्णांचे शेवटचे दात काढल्यावर ती हट्टाला पेटली होती, की यांची कवळी मीच करणार. मेणात दात चार वेळा लावून काढले होते, मनासारखे बसेपर्यंत.

ती आत गेली. स्वानंदीने बाजूला होऊन तिला बघायला जागा दिली. खालचा ओठ आणि हिरडी यांच्या मधल्या खळगीत गुलाबी मांसाचे दोन पदर वाढले होते, पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक, आणि कवळीची कड नेमकी त्यांच्या मधल्या फटीत बसत होती. आश्लेषाला निदान सांगायची गरज नव्हती. वयाने जबड्याचं हाड झिजतं, कवळी सैल होते, कड रुतत राहते आणि शरीर तिथे मांस वाढवत राहतं. अशी गाठ साधीच असते. पण ही एका महिन्यातली नव्हती. दीड-दोन वर्षं अण्णा हे दुखणं तोंडात घेऊन जेवत होते.

दिवसाला वीस-पंचवीस तोंडं बघणाऱ्या बाईने घरातलं तोंड बघितलं नव्हतं. याची लाज तिला वाटायला हवी होती, आणि पुढे ती वाटलीही. पण त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की यांनी हिला सांगितलं. मला नाही.

“अण्णा, मला का नाही सांगितलं?”

अण्णा कवळीशिवाय बोबडं बोलले, “अगं, बोलता बोलता निघालं. हिने विचारलं, कोडबळे आणता आणि स्वतः का खात नाही.”

स्वानंदी सांगू लागली. दोन आठवडे खालची कवळी लावायचीच नाही, म्हणजे सूज उतरेल. मग उरलेला भाग लेझरने काढू. आजोबा रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या घेतात, तर लेझरच बरं, कारण कापतानाच रक्तवाहिन्या बंद होत जातात आणि गोळ्यांना हात लावावा लागत नाही.

ती बोलली त्यातला शब्दन्‌शब्द बरोबर होता. अण्णांच्या हृदयात स्टेंट घालून आठच महिने झाले होते. अशा माणसाच्या गोळ्या तोंडातल्या छोट्या शस्त्रक्रियेसाठी बंद करू नयेत, हे आश्लेषाने स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. तरी तिच्या तोंडून निघालं, “हे लेझरचं काम नाही. पदर खोल आहेत. ब्लेडने मी काढीन. गोळ्या आधी पाच दिवस बंद ठेवू, डॉक्टर वादिराजांशी मी बोलते.”

“मॅडम, पण स्टेंटला अजून वर्षही...”

“स्वानंदी, बाहेर पेशंट थांबलेत.”

स्वानंदीने हातमोजे काढले. अण्णांनी एकदा तिच्याकडे, एकदा मुलीकडे बघितलं आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे. आशू म्हणेल तसं.”

पुढचे दोन आठवडे अण्णा खालच्या दातांशिवाय होते. घरात मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे मऊ गोळे, आणि पातळ आमटीसारखं सारू सुरू झालं. मुद्दा चावायचा नसतोच, नुसता गिळायचा, त्यामुळे अण्णा खूश होते. आश्लेषाने गुरुवार ठरवला आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला. हृदयाच्या डॉक्टर वादिराजांना तिने फोनही केला. त्यांनी दुसरं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. दोन्ही गोळ्या चालू राहतील, एक दिवसही चुकवायचा नाही. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे लेझर आहे ना? तेच वापरा की.

आश्लेषा “हो” म्हणाली आणि फोन ठेवला.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे तिने मनाशी मान्य केलं होतं. गोळ्या चालू ठेवूनही ती ब्लेडने काम करू शकली असती, टाके जास्त घालून, जखम दाबून धरून. पण अण्णांना सांगितलं की ते स्वानंदीला कळणारच, आणि मग तिच्यासमोर उभं राहून म्हणायचं, की तुझं बरोबर होतं. आज सांगते, उद्या सांगते करत दिवस गेले; अण्णा आपल्याला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करणार नाहीत, असं तिने गृहीत धरलं. दवाखान्यात स्वानंदी दोनदा विषय काढायला आली आणि दोन्ही वेळा आश्लेषाने फोन कानाला लावला.

त्या आठवड्यात ती मुद्दाम उशिरापर्यंत काम करत होती. घरी येईपर्यंत अण्णांचं जेवण झालेलं असायचं. मंगळवारी मात्र ती लवकर आली आणि दोघं बरोबर जेवायला बसली. जेवण झाल्यावर अण्णा चूळ भरून सरळ कोचावर जाऊन बसले.

गोळ्या राहिल्या, असं तिने आतूनच सांगितलं.

“शनिवारपासून बंद केल्यात ना,” अण्णा म्हणाले. “गुरुवारच्या आधी पाच दिवस. तूच म्हणालीस. मी कॅलेंडरवर मोजून घेतलं.”

आश्लेषाने हातातली ताटं ओट्यावर ठेवली. ती बाहेर आली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि आवाज शक्य तितका सरळ ठेवून विचारू लागली. छातीत दुखतं? नाही. दम लागतो? तर म्हणाले, सकाळी जिना चढताना छातीत स्वल्प भरल्यासारखं झालं होतं, वायू असेल.

तिने गोळ्या आणून दिल्या, वादिराजांना फोन केला आणि ते सांगतील तसं करत गेली. वीस मिनिटांत दोघं रिक्षात होती. रस्त्यात अण्णा तिचीच समजूत काढत होते, की काही झालेलं नाही, उगाच घाबरतेस. तिने त्यांचं मनगट धरून ठेवलं होतं. नाडी मोजत होती, पण आकडा डोक्यात टिकत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं. वादिराज स्वतः आले. झटका आलेला नव्हता. पण सकाळपर्यंत इथेच ठेवू, असं ते म्हणाले, आणि मग कागदावरून नजर वर करत विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या?

आश्लेषा बोलायच्या आत अण्णा म्हणाले, “मी. म्हातारपणाचा घोटाळा, दुसरं काय.”

वादिराजांनी मान हलवली. तिथेच विषय मिटला असता. आश्लेषाला क्षणभर तो मिटावासाही वाटला.

“त्यांचा नाही घोटाळा,” ती म्हणाली. “बंद ठेवू असं मी म्हटलं होतं. तुम्ही नको म्हणालात, ते मी त्यांना सांगितलंच नाही.”

वादिराज तिच्याकडे बघत राहिले. वीस वर्षांची ओळख होती. त्यांनी का, असं विचारलं नाही.  तपासण्या पुन्हा सकाळी करू, असं सांगून ते निघून गेले.

सकाळी अण्णांच्या पलंगाशेजारी ती इडली दुधात कुस्करत होती. अण्णा बरे दिसत होते. तपासण्याही नीट आल्या होत्या. तिने वर न बघता विचारलं, दोन वर्षं कवळी टोचत होती, मग सांगितलं का नाहीत.

 “सगळ्यांना दाखवत फिरलो ना मी,” ते म्हणाले. “शाळेतल्या जुन्या लोकांना, बँकेत, देवळात. माझ्या मुलीने केली म्हणून. आता ती टोचते असं तुलाच कसं सांगायचं? स्वानंदी परकी पोर. तिला काय, सांगून टाकलं.”

आश्लेषाने चमचा त्यांच्या हातात दिला आणि उठून खिडकीशी गेली. वर्षभर ती समजत होती, की अण्णा स्वानंदीच्या जवळ गेलेत. ते तिच्याशी बोलत होते ते ती परकी होती म्हणून. इतकं साधं होतं. तरीही मनाच्या एका कोपऱ्यात खुपत होतंच, की बोलले तर तिच्याशीच.

दुपारी ती दवाखान्यात गेली आणि स्वानंदीला आपल्या खोलीत बोलावलं. वादिराजांनी आधीच काय सांगितलं होतं, आपण ते कसं दडवलं, अण्णांना हॉस्पिटलमध्ये का न्यावं लागलं, सगळं सांगितलं. सांगताना तिने स्वतःसाठी कसलीही सबब पुढे केली नाही. स्वानंदीचा चेहरा उतरला. ती रागावली होती आणि राग लपवायचा प्रयत्न करत नव्हती.

“आजोबांना काही झालं असतं तर मी इथे राहिले नसते, मॅडम,” ती म्हणाली.

“मीही राहिले नसते,” आश्लेषा म्हणाली.

 मग स्वानंदीने विचारलं, गोळ्या परत सुरू केल्यात ना, आणि वादिराज केव्हा परवानगी देतील.

परवानगी बारा दिवसांनी मिळाली. काम स्वानंदीने करायचं, आश्लेषाने मदतीला उभं राहायचं आणि हर्षिताने लागेल ते हाती द्यायचं, असं ठरलं. सर्वांनी रंगीत काचांचे चष्मे लावले, अण्णांनाही. चष्मा लावल्यावर ते आपल्याला आता सिनेमात घेतील म्हणाले. स्वानंदीने भूल दिली, मांसाचा पदर चिमट्याने उचलून धरला आणि लेझरचं टोक कडेने फिरवू लागली. आश्लेषा एका हाताने ओठ ताणून धरत होती, दुसऱ्या हाताने धूर ओढणारी नळी. रक्ताचा जेमतेम एक थेंब आला. स्वानंदीचा हात स्थिर होता, घाई नव्हती, आणि आश्लेषा तो हात बघत होती. बापाच्या तोंडात दुसरीचा हात बघणं तिला सोपं जात नव्हतं. इथे जरा घसरेल, इथे खोल जाईल, असं तिला वाटत होतं, आणि ते घसरावं असंही एका क्षणी वाटून गेलं. तिने नळी घट्ट धरली.

दुसऱ्या पदराच्या टोकाशी स्वानंदी थांबली. ओठाला जाणीव देणारी नस तिथे हाडातून बाहेर येते, आणि झिजलेल्या जबड्यात ती अगदी वर सरकलेली असते. स्वानंदीने विचारलं, मॅडम, किती जवळ आहे?

आश्लेषाने नळी हर्षिताच्या हाती दिली आणि बोट आत घालून हाड चाचपलं. पंचवीस वर्षांच्या बोटाला ती खाच लगेच लागली. “माझ्या बोटापर्यंत ये,” ती म्हणाली. “पुढे नको.”

स्वानंदी तिच्या बोटापर्यंत आली आणि थांबली. मांसाचे दोन तुकडे बाटलीत पडले. बाटलीवर नाव आश्लेषाने लिहिलं. आठवड्याने अहवाल आला. गाठ साधी होती, घासून वाढलेलं मांस, कॅन्सरचा मागमूस नाही. तो तिने अण्णांना घरच्या मराठीत वाचून दाखवला आणि अण्णांनी तो स्वानंदीला फोनवर दिवाळी अंकातल्या मराठीत सांगितला.

चार आठवड्यांनी जखम पुरती भरली आणि नव्या कवळीचा विषय निघाला. आश्लेषाने ठरवलं होतं, या वेळी कवळ्यांच्या तज्ज्ञाकडे द्यायचं. तिने तसं अण्णांना सांगितलं. अण्णांनी साफ नकार दिला. मग तिनेच माप घेतलं, तिनेच दात लावले आणि मेच्या शेवटी कवळी त्यांच्या तोंडात बसवली. स्वानंदी दारात उभी राहून बघत होती.

कशी वाटते, असं आश्लेषाने विचारलं. अण्णांनी जबडा दोनदा हलवला आणि डाव्या बाजूला बोट लावलं.

“इथे टोचतंय,” ते म्हणाले.

तिने कवळी काढून कड घासली. परत बसवली. अण्णा म्हणाले, आता उजवीकडे. उजवीकडे घासली. तेव्हापासून अण्णांना जणू वाचा फुटली. रोज जेवताना काहीतरी असायचंच. भाकरीला सरकते, पाणी पिताना वाजते, वरची ठीक आहे पण खालची जरा जड आहे. आश्लेषा रोज सकाळी निघण्यापूर्वी खिडकीपाशी उजेडात त्यांचं तोंड उघडून बघते आणि कधीकधी वैतागून म्हणते, तुमची तक्रार संपतच नाही, अण्णा.

दुपारी ते मल्लेश्वरमला जातात ते जातातच. परवा शेजारच्या खोलीतून दोघांचं हसणं ऐकू आलं, तशी आश्लेषाची मान नेहमीसारखी ताठ झाली. समोरच्या पेशंटला तिने दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि काय चाललंय ते बघायला ती त्या खोलीत गेली. अण्णांनी तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली आणि कोडबळ्यांची पुडी पुढे केली.